नानांचा बल्ब

नाना घरात शिरले की आधी स्टूल मागायचे. सलाम नाही, पाणी नाही, "बसा" म्हटलं तर बसणंही नाही. दारातूनच वर बघून हॉलमधला बल्ब कुठे आहे ते हेरायचे आणि म्हणायचे, "स्टूल आना." मग खांद्यावरच्या कापडी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्वतःचा बल्ब काढायचे, आमचा उतरवून सोफ्यावर ठेवायचे आणि त्यांचा लावायचे. तो बल्ब असा दणदणीत की भिंतीवरची पाल फोटोमागे पळायची. सत्तरी ओलांडलेला माणूस स्टुलावर चढलाय आणि आम्ही सगळे खाली हात पसरून उभे, अशी आमच्या क्लासची दर बुधवारी सुरुवात व्हायची. निघताना पुन्हा स्टूल, आमचा मिणमिणता बल्ब जागेवर आणि त्यांचा पिशवीत. कारण विचारलं तर म्हणायचे, "अंधारमा सैतान बसस." पुढे कोण काय बोलणार?

क्लास म्हणजे शिकवणी नव्हे. आम्हा मेथॉडिस्टांत ही जुनी पद्धत आहे. चर्चच्या मंडळीतल्या मोठ्या माणसांचे लहान लहान गट करायचे, प्रत्येक गटाला एक क्लास लीडर द्यायचा, आणि त्यानं आठवड्यातून एकदा प्रत्येकाला विचारायचं की बाबा, तुझ्या जिवाचं कसं काय चाललंय. इतर ठिकाणी ही पद्धत नावापुरती उरली असेल, जळगावच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये ती नानांच्या अंगात भिनली होती. पाळकसाहेब यायचे आणि नीट ओळख होईपर्यंत त्यांची बदली व्हायची. नाना कुठे जाणार? जिनिंगच्या गिरणीत आयुष्यभर फिटर, बायको वारलेली, मूळचे पाचोऱ्याकडचे आणि बोलणं अस्सल अहिराणी. मी रावेरकडची, आमची बोली वेगळी. लग्न होऊन जळगावात आले तेव्हा त्यांचं बोलणं ऐकून मला हसू यायचं. पुढे त्याच बोलीतल्या एका प्रश्नानं माझा दर बुधवार खराब व्हायला लागला.

"तुमना जीव कसा शे?"

बल्बखालच्या खुर्चीवर एकेकानं येऊन बसायचं. नाना समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. घाईनं बोललेलं चालायचं नाही, मध्ये दुसरं कुणी बोललेलं तर मुळीच नाही. आम्ही आपसात तिला दाताच्या डॉक्टरची खुर्ची म्हणायचो. "बरं आहे" हे उत्तर तिथे मंजूर नव्हतं. "बरी ते आमनी बकरी बी शे. तुमनं सांगा," असं म्हणून नाना तोंडाकडे बघत बसायचे. तुम्ही "देवाची कृपा आहे" असं पुटपुटून खाली बघितलंत की हनुवटीखाली बोट धरून मान वर करायचे. ते बघणं सहन न होऊन भलीभली माणसं बोलून जायची.

मी मात्र वर्षानुवर्षं "बरं आहे"वरच निभावलं. मी काळजी करणारी बाई आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून रिक्षा परत फिरवणारी. पण काळजी करणं वेगळं आणि ती चारचौघांत सांगणं वेगळं. आमची मंडळी एवढीशी. जो तो एकमेकांचा नातेवाईक, नाहीतर पुढेमागे होणारा व्याही. आमच्यात कुणी कुणाची चहाडी करत नाही, फक्त प्रार्थनेचा विषय देतात. "अमकीसाठी प्रार्थना करा हं, घरात जरा बरं नाही," एवढं एकीनं सांगितलं की संध्याकाळपर्यंत तो विषय धुळ्याला पोचलेला असतो. शिवाय सगळ्यांची भावना चांगलीच असते, त्यामुळे भांडायचीही सोय नाही.

नानांच्या आणखी तऱ्हा होत्या. फोनवर ते कधी बोलले नाहीत. "फोनमा जीव दखाता येस नही," म्हणायचे आणि दोन शब्दांच्या निरोपासाठी एप्रिलच्या उन्हात सायकल मारत घरी यायचे. दुसरं म्हणजे वीज. क्लास चालू असताना वीज गेली की नाना ताडकन उभे राहायचे, हात वर करून आशीर्वाद म्हणायचे आणि क्लास संपला. कुणी अर्ध्या वाक्यात असो, रडत असो, मेणबत्ती आणायला धावलेला असो, त्याची पर्वा नाही. मला ही तऱ्हा सगळ्यात प्रिय होती. माझी पाळी यायच्या सुमारास मी मनातल्या मनात विजेच्या ऑफिससाठी प्रार्थना करायचे.

गिरणीत जन्म काढलेल्या माणसाला थोडं कमी ऐकू येणारच, एवढं आम्ही धरून चाललो होतो. त्याचा त्रास एकाच ठिकाणी व्हायचा, तो म्हणजे रविवारच्या उपासनेतली मूक प्रार्थना. पाळकसाहेब म्हणायचे, "आता आपण शांतपणे आपापली ओझी प्रभूपुढे ठेवू." सगळे डोळे मिटायचे, पंख्याची घरघर उरायची, आणि दुसऱ्या बाकावरून नानांचा आवाज सुरू व्हायचा. त्यांच्या समजुतीनं ते मनात बोलत. प्रत्यक्षात शेवटच्या बाकावर शब्द न् शब्द पोचायचा. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. एकतर सांगणार कोण? आणि खरं सांगायचं तर सगळ्यांचे डोळे मिटलेले आणि कान टवकारलेले असायचे.

एकदा आमच्या खजिनदारांची बायको रुसून जामनेरला माहेरी गेली. त्यांनी बाहेर सांगितलं होतं की सासूबाई आजारी आहेत. फक्त नानांना त्यांनी क्लासनंतर जिन्यात गाठून, खालच्या आवाजात खरं काय ते सांगितलं. त्यानंतरच्या रविवारी मूक प्रार्थनेत आवाज आला, "बापा, खजिनदारना सदराले इस्तरी नही. तिसरा रविवार शे. त्याना घरकडे दख." दुपारपर्यंत महिला मंडळाच्या चौघीजणी जामनेरच्या गाडीत बसल्या होत्या. बायको परत आली, संसार सुरळीत झाला, पण खजिनदारांनी नानांशी बोलणं टाकलं. क्लासला यायचे, खुर्चीवर बसायचे आणि तोंड शिवल्यासारखे उठायचे. "विश्वासानं सांगितलं आणि भर चर्चमध्ये बोंब मारली," असं त्यांनी मला स्वतः सांगितलं. मला ते पटलं. नाना मनानं देवमाणूस, पण पोटात काही राहत नाही, असं माझं ठाम मत झालं.

एवढं सगळं माहीत असून मी त्यांना सांगितलं. त्याचं असं झालं.

माझ्या मुलीला आठवीत असताना फिट आली होती. मग दोन-तीनदा आली, औषध सुरू झालं आणि थांबली. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. ती कॉलेजात शिकवते, स्कूटर चालवत नाही पण बाकी सगळं करते, आणि रोज एक गोळी घेते. शाळेत आम्ही उन्हानं चक्कर आली म्हणून सांगितलं होतं, घराबाहेर खरं कुणालाही ठाऊक नव्हतं. धुळ्याचं स्थळ आलं तेव्हा मुलगा तिला आवडला. मलाही आवडला, आणि तिथूनच मी धास्तावले.

"आई, मी त्यांना सांगते," ती म्हणाली. "गोळी माझी आहे, लग्न माझं आहे."

"आधी बोलणी पक्की होऊ देत," मी म्हटलं. "मग सांगू."

"मग म्हणजे कधी? मांडवात?"

आमचे हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "तिचं बरोबर आहे." त्यांचं काय जातंय बोलायला? दोन स्थळं आधी मोडली होती, का ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी प्रत्येक वेळी झोपेत दचकून उठत होते की कुणीतरी प्रार्थनेचा विषय दिला. मी मुलीकडून वचन घेतलं की निदान पाहुणे येऊन जाईपर्यंत ती गप्प बसेल. तिनं दिलं, पण माझ्याशी बोलणं कमी केलं. मी गोळ्यांची पाकिटं फ्रिजवरून काढून पोह्यांच्या डब्यात लपवली. धुळ्याची माणसं काही माझ्या पोह्यांच्या डब्यात हात घालणार नव्हती, पण भीतीला एवढी अक्कल कुठे असते?

पाहुणे रविवारी यायचे होते. त्याआधीच्या बुधवारचा क्लास आमच्याकडे होता. माझी पाळी आली, मी "बरं आहे" म्हटलं, आणि नाना नेहमीसारखं बकरीचं न बोलता नुसते बघत राहिले. मग उठले. सगळे गेले. नाना स्टुलावर चढले, त्यांनी आपला बल्ब उतरवला, आमचा लावला, आणि खाली उतरून त्या अंधुक उजेडात पुन्हा विचारलं, "तुमना जीव कसा शे?"

मला काय झालं कुणास ठाऊक. मुलगी आतल्या खोलीत होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंडावर पदर धरला आणि सगळं सांगून टाकलं. आठवीतली ती दुपार, शाळेच्या पटांगणात पडलेली माझी पोर, गोळ्या, पोह्यांचा डबा, धुळ्याची माणसं. रडत होते आणि सांगत होते. नाना मान हलवत होते. शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "देव शे," म्हणाले आणि बल्बाची पिशवी सांभाळत जिना उतरले.

दोन मिनिटं फार हलकं वाटलं. मग मला रविवारची मूक प्रार्थना आठवली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. धुळ्याला फोन करून म्हटलं, दुपारीच या ना, सकाळी कशाला दगदग. मुलाची आई एका शाळेत हेडमास्तरीण होती, आवाजातच हुकूम. "आधी उपासना, मग मुलगी," त्या म्हणाल्या. पाळकसाहेब नुकतेच बदलून आले होते. त्यांना भीत भीत सुचवलं की उन्हाळा आहे, मूक प्रार्थना थोडी आवरती घेतली तर? ते म्हणाले, "ताई, शांततेची तर लोकांना खरी गरज आहे." शनिवारी मी नानांच्या घरीच गेले. ते अंगणात सायकलला तेल घालत होते. शेजारीण पापड वाळत घालत होती, म्हणून मी पुन्हा पदराआडून कुजबुजले, "नाना, उद्या तेवढं काही बोलू नका हं. पाया पडते." नानांनी माझ्याकडे बघितलं, छान हसले आणि म्हणाले, "हा, हा. बठ्ठं चांगलं व्हई." मी घरी आले ती आणखीच घाबरून. सगळं चांगलं होईल म्हणजे काय? बोलणार की नाही?

रविवारी धुळ्याची माणसं तिसऱ्या बाकावर बसली, बरोबर नानांच्या मागे. मी त्यांच्या शेजारी, माझ्या पलीकडे मुलगी. गीतं झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं. माझं कशातच लक्ष नव्हतं. मी नानांची मान बघत होते. पाळकसाहेब म्हणाले, "आता आपण शांतपणे आपापली ओझी..." आणि सगळ्यांनी डोळे मिटले. मला मिटायची हिंमत झाली नाही. मिटले तरी कान कुठे मिटता येतात?

पंखा फिरत होता. मग आवाज आला.

"बापा, बुधवारी ती बाई मना पुढे रडनी. आज तिना घर धुयाना पाव्हना येल शेतस."

मुलाच्या आईनं मिटलेले डोळे उघडले. माझ्याकडे वळून बघितलं.

"ती लई बोलनी, बापा. तोंडवर पदर व्हता. मी नुसती मान हालाई. माले काय बी समजनं नही." नाना थांबले. मग आवाज जरा खाली आला, तरी सगळ्यांना ऐकू येईल असाच. "तुले खरं सांगस, माले आते काहीच ऐकू येस नही. लई दिन व्हयनात. मी तोंडं दखस नि मान हालावस. तिले वाटनं नानानी ऐकं. तुले ऐकू उनं व्हई. तूच दख."

 पाळकसाहेबांना प्रार्थना संपवायचं सुचेना. शेवटी नानांनीच इकडेतिकडे बघितलं, सगळ्यांचे डोळे उघडे पाहून प्रार्थना संपली असं समजले, स्वतःचे पुसले आणि मोठ्यानं "आमेन" म्हणाले.

बल्ब, खुर्ची, फोन, वीज गेल्यावर घाईघाईनं उरकलेला आशीर्वाद, हे सगळं माझ्या डोक्यात एकामागोमाग एक जागेवर बसत गेलं. मला रडू आलं. स्वतःच्या भीतीपायी नाही, पहिल्यांदाच त्यांच्यासाठी आलं. आणि लगेच भीती परत आली, कारण शेजारच्या बाई अजून माझ्याकडेच बघत होत्या.

उपासनेनंतर चर्चच्या अंगणात चहा असतो. खजिनदार कप घेऊन माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "इस्त्री, वहिनी," ते हळूच म्हणाले. "मी जिन्यात सांगितलेलं त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी फक्त शर्टाची इस्त्री पाहिली होती." एवढंच बोलले आणि बाजूला झाले, कारण मुलाची आई आली होती.

"ताई," त्या म्हणाल्या, "बुधवारी का रडलात?"

मी "काही नाही हो, आपलं उगाच" म्हणायला तोंड उघडलं, आणि सवयीनं हात पदराकडे गेला. मुलीनं तो हात धरला. "आई, पदर राहू दे," ती म्हणाली. पलीकडे कडुनिंबाखाली नाना बशीतून चहा पीत उभे होते. बशी तशीच तोंडाजवळ धरून ते माझ्या ओठांकडे बघत होते.

मी सांगितलं. हळू, एकेक वाक्य, त्या खुर्चीवर बसून सांगतात तसं. फिट सांगितली, गोळी सांगितली, मी लपवत होते हेही सांगितलं. पोह्यांचा डबासुद्धा सांगितला, तो सांगायची गरज नव्हती. मुलगा आईमागे उभा होता, तो माझ्या मुलीकडे बघत होता. मुलाच्या आईनं हातातला कप खाली ठेवला. मग त्यांनी मुलीला विचारलं, "गोळी सकाळी घेतेस की रात्री?"

"रात्री," मुलगी म्हणाली.

"बरं," त्या म्हणाल्या. 

जेवायला घरी आले, एवढं खरं. भरीत आणि कळण्याची भाकरी होती. मुलानं भरीत दुसऱ्यांदा घेतलं, मला आशा वाटली. त्याच्या आईनं भाकरी अर्धी ठेवली, माझी आशा गेली. निघताना "घरी बोलून कळवतो" म्हणाले. हे वाक्य मी आधी दोनदा ऐकलेलं होतं.

होकार आला, पण त्याला खूप दिवस लागले. मधे त्या बाई मुलीला घेऊन स्वतः डॉक्टरकडे जाऊन आल्या, खूप प्रश्न विचारून आल्या. मुलगी आज धुळ्यात आहे, सुखात आहे, सासूशी रोज भांडते आणि सासूशिवाय तिचं पान हलत नाही. नाना आता नाहीत. पण मला सांगायचं आहे ते होकाराच्या आधीचं, त्या रविवारनंतरच्या लगेचच्या बुधवारचं.

क्लास खजिनदारांकडे होता. नानांनी स्टूल मागितलं. खजिनदारांनी स्वतः आणून दिलं, नाना वर चढताना त्यांच्या पोटरीला हात लावून उभे राहिले. आम्हाला सगळं कळलं आहे हे नानांना कळलं नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही. पण त्या दिवशी जो तो खुर्चीवर ताठ बसला, तोंड उजेडाकडे धरून, एकेक शब्द सुटा करून बोलला. नाना मधून मधून आश्चर्यानं बघत होते. इतकी शिस्त आमच्यात कधीपासून आली, असं त्यांना वाटलं असावं.

माझी पाळी आली. धुळ्याहून काहीच कळलं नव्हतं. फोन वाजला की मी दचकायचे, न वाजला तर जास्त. नाना पुढे वाकले. "तुमना जीव कसा शे?"

मी तोंड उघडलं आणि वीज गेली.

काळोखात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नाना उभे राहिले होते. आशीर्वादासाठी त्यांनी हात वर केला असणार, घसा खाकरला. एकेकाळी मी याच क्षणासाठी प्रार्थना करत होते. पण तेवढ्यात खजिनदारांनी मोबाइलची बॅटरी लावली आणि तिचा झोत सरळ माझ्या तोंडावर धरला. डोळे दिपले. पदर मांडीवर होता, तो तिथेच राहू दिला.

नाना हात वर धरून तसेच थांबले. त्यांनी त्या उजेडाकडे बघितलं, मग तो धरणाऱ्या खजिनदारांकडे, मग आमच्या सगळ्यांकडे, एकेकाच्या चेहऱ्यावर थांबत.  हात हळूहळू खाली आला आणि ते परत माझ्यासमोर बसले.

"घाबरलाय, नाना," मी म्हटलं. "माझा जीव फार घाबरलाय."

नानांनी या खेपेला मान हलवली नाही. माझा हात हातात घेतला.

"आते समजनं," ते म्हणाले.